चिपाडावर चालणारं बेट: मॉरिशसच्या हरित धोरणाचा हिशेब

प्रश्न अर्थशास्त्राच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ती लिहिते: ‘लहान बेट-राष्ट्राचं हरित आर्थिक धोरण या विषयावर प्रबंध करतेय आणि उदाहरण म्हणून मॉरिशस घेतलंय. वाचायला मिळतं त्यात एकतर सगळं आदर्श असतं, नाहीतर सगळा पर्यटकांसाठीचा देखावा. प्रत्यक्षात काय घडलं? आणि एवढ्याशा देशाला हे परवडतं कसं?’

परवडण्याचं आधी घेतो. मॉरिशसचं मुख्य बेट १,८६५ चौरस किलोमीटरचं, म्हणजे रत्नागिरी जिल्ह्याच्या पाव हिश्शाहूनही कमी. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. तेल नाही, वायू नाही, कोळसा नाही, आणि शेजारच्या राज्यातून तार ओढून वीज घेण्याची सोय नाही, कारण शेजारी समुद्र आहे. अख्ख्या देशाची विजेची कमाल मागणी ५०० मेगावॉटच्या घरात. आपल्या कोराडीच्या वीजकेंद्रातला एकच संच ६६० मेगावॉटचा. तसा एक संच तिथे नेऊन बसवला तर तो पूर्ण क्षमतेने चालवायला ग्राहक पुरणार नाहीत, आणि ज्या दिवशी तो बंद पडेल त्या दिवशी पोर्ट लुईपासून माएबूरपर्यंत देश अंधारात जाईल. त्यामुळे स्वस्त, मोठं, एकगठ्ठा असं काही तिथे चालतच नाही. प्रत्येक लिटर डिझेल आणि प्रत्येक टन कोळसा जहाजाने येतो, परकीय चलनात येतो, आणि हे चलन साखर, कपडे, पर्यटन आणि वित्तसेवा यांतूनच मिळवावं लागतं. ‘हरित धोरण परवडतं का’ हा मोठ्या देशात विचारायचा प्रश्न आहे. तिथल्या अर्थमंत्र्याला आयातीचं बिल दिसत असतं.

मी मुळात बॉयलरचा माणूस. सांगली-कोल्हापूरकडच्या साखर कारखान्यांच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पांत (चिपाड जाळून कारखान्याला वाफ आणि शिवाय विकायला वीज) उमेदवारी केली आणि पुढे त्याच कामानिमित्त मॉरिशसला अनेकदा जाणं झालं. त्यामुळे माझं उत्तर उसाच्या बाजूला झुकलेलं असेल, हे आधीच सांगून टाकतो. पण तिथे उसाला वगळून हरित धोरण समजतच नाही.

१९६१ मध्ये जेम्स मीड या ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञाने (पुढे १९७७ मध्ये त्यांना नोबेल मिळालं) या बेटाचं भवितव्य फार अंधारं असल्याचा अहवाल दिला होता. एकच पीक, वाढती लोकसंख्या, चक्रीवादळं, आणि बाजारपेठ हजारो मैल दूर. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं. १९७५ मध्ये युरोपशी साखरेचा करार झाला आणि मॉरिशसला दरवर्षी पाच लाख टनांच्या आसपास साखर हमीभावाने विकता येऊ लागली. हमीभाव म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. हा भाव बहुतेक वर्षं जागतिक बाजाराच्या बराच वर होता. त्या पैशातून शाळा झाल्या, दवाखाने झाले, कापड गिरण्या आणि हॉटेलं झाली. मग युरोपने स्वतःची साखर व्यवस्था बदलायला घेतली, भाव टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये करारच संपला.

त्या भावकपातीची चाहूल लागल्यापासून पुढे जे झालं, तेच मॉरिशसचं पहिलं आणि माझ्या मते आजवरचं सर्वांत गंभीर हरित धोरण. त्याला तेव्हा कुणी हरित म्हणत नव्हतं. जगायचं कसं, एवढाच प्रश्न होता. कारखाने एकत्र करत नेले. एकेकाळी वीसच्या आसपास असलेले कारखाने आज तीन उरलेत. २००१ पासूनच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सुमारे आठ हजार कामगार बाहेर पडले, त्यांना रोख रक्कम आणि घर बांधण्यापुरता जमिनीचा तुकडा मिळाला. आपल्याकडे बंद पडलेल्या गिरण्यांच्या आणि कारखान्यांच्या कामगारांची देणी किती वर्षं अडकतात हे पाहिलेल्या माणसाला तो जमिनीचा तुकडा फार मोठा वाटतो. लहान ऊसकरी आणि कामगार यांना कारखान्यांच्या भांडवलात वाटा देणारा ट्रस्ट तर त्याआधीच, १९९४ मध्ये, उभा राहिला होता. हे सगळं हसतखेळत झालं असं नाही. गावंच्या गावं कारखान्याच्या भोंग्यावर चालत होती, ती एका हंगामात गप्प झाली. पण बदलाचा खर्च कुणी सोसायचा हे आधी ठरवून मग कारखान्यांना कुलपं लागली, हा क्रम प्रबंधात जरूर नोंदवा.

आता चिपाडाकडे येतो. ऊस गाळल्यावर त्याच्या वजनाच्या साधारण २८ ते ३० टक्के चिपाड उरतं, आणि त्यात निम्मं पाणी असतं. जुन्या कारखान्यांत बॉयलर मुद्दामच उधळे ठेवलेले असत, कारण चिपाड जाळून संपवणं हेच काम होतं. न जळलेल्या चिपाडाचे डोंगर साठतात, कुजतात, आणि एखाद्या दुपारी पेटतात. त्याच चिपाडातून जास्त वीज काढायची तर बॉयलरचा दाब वाढवावा लागतो. मॉरिशसने १९९१ मध्ये यासाठी स्वतंत्र कार्यक्रम आखला. २००० मध्ये उत्तरेकडच्या बेल व्ह्यू इथे ८२ बार दाबाचा (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाइतका), दोन संचांचा ७० मेगावॉटचा प्रकल्प उभा राहिला आणि पुढे दक्षिणेत ला बराक इथे तसाच मोठा प्रकल्प झाला. जुन्या पद्धतीत उसाच्या टनामागे दहावीस युनिटं बाहेर विकायला जात, नव्या संचांत हा आकडा शंभरच्या पुढे गेला. ऊस तोच, त्याचं वजनही तेवढंच. आमच्याकडे सहवीजनिर्मितीच्या चर्चासत्रांत मॉरिशसचं नाव आदराने घेतलं जायचं ते यामुळे.

पण त्या चर्चासत्रांत एक गोष्ट हळू आवाजात सांगितली जायची. तिथला गळीत हंगाम जून ते डिसेंबर, कारण बेट विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. उरलेले महिने तोच बॉयलर, तेच टर्बाइन दगडी कोळशावर चालतं. प्रकल्पासाठी कर्ज मिळायचं तर वीज वर्षभर विकली गेली पाहिजे, आणि चिपाड वर्षभर साठवता येत नाही. म्हणून करारच असे झाले की हंगामात चिपाड, बाकी वेळ कोळसा. गेल्या दशकात देशाच्या विजेपैकी एक तृतीयांशाहून जास्त वीज कोळशाची होती, आणि तिचा मोठा भाग याच कौतुकाच्या कारखान्यांतून येत होता.

एक संध्याकाळ मला स्पष्ट आठवते. नोव्हेंबर संपत आलेला, दुपारपासून पाऊस, शेतात यंत्रं रुतलेली, ऊस यार्डात येईना. गाळप थांबलं की चिपाड थांबतं. पट्ट्यावर होतं ते भिजकं, मुठीत दाबलं तर बोटांतून पाणी यावं असं. नियंत्रण कक्षात वाफेचा काटा हळूहळू उतरत होता आणि बाहेर सात वाजत आलेले, म्हणजे घरोघरी दिवे, चुली, टीव्ही सुरू होण्याची वेळ. पाळीवरच्या माणसाने काट्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि फोनवर दोनच शब्द बोलला, ‘मेत सार्बों’. कोळसा घाला. पाच मिनिटांत काळा कोळसा पट्ट्यावर आला आणि काटा जागेवर गेला. वीज मंडळाशी झालेल्या करारात पावसाची सबब चालत नाही. त्या दिवशीच्या कागदावर हे एकाच प्रकल्पाचं उत्पादन होतं. किती हिरवं आणि किती काळं, हे खाली दुसऱ्या रकान्यात.

तुम्ही म्हणता तो ‘आदर्श’ आणि तो ‘देखावा’ असे एकाच चिमणीखाली आहेत. कोळशाच्या आधाराशिवाय ते उच्च दाबाचे बॉयलर उभेच राहिले नसते, असं मी आजही म्हणतो. पण त्या आधाराला शेवटची तारीख घातली नव्हती. ती २०२१ च्या अर्थसंकल्पात आली: २०३० पर्यंत कोळसा बंद, आणि तोपर्यंत ६० टक्के वीज अपारंपरिक स्रोतांतून. त्याआधीच्या, २००९ च्या दीर्घकालीन ऊर्जा आराखड्यात २०२५ पर्यंत ३५ टक्क्यांचं उद्दिष्ट होतं. प्रत्यक्ष आकडा इतकी वर्षं एक पंचमांशाच्या आसपास घोटाळतोय, अधूनमधून त्याच्याही खाली जातो.

सौरऊर्जा तर वाढली. २०१४ मध्ये बाँबू इथे १५ मेगावॉटचा पहिला मोठा सौरप्रकल्प आला, पुढे आणखी आले. आंरिएता इथल्या ८ मेगावॉटच्या प्रकल्पाची सुरुवात जानेवारी २०२२ मध्ये भारताच्या मदतीने झाली. ग्रिडचा तोल सांभाळायला बॅटऱ्या बसल्या. गरीब घरांच्या छपरांवर पॅनेल लावण्याची योजनाही चालली. मग टक्का का वाढेना?

उत्तर शेतात आहे. या शतकाच्या सुरुवातीला सत्तर हजार हेक्टरांहून जास्त ऊस होता, आता तो चाळीस हजारांच्या आत आलाय. सूर्याने एका हाताने दिलं ते आटत्या चिपाडाने दुसऱ्या हाताने नेलं.

पश्चिमेकडे कास्काव्हेलच्या बाजूला एका लहान ऊसकऱ्याकडे मी दोनदा गेलो. आडनाव मराठी. घरी बोलतो क्रेओल, म्हणजे तिथली फ्रेंचमधून घडलेली बोली, आजीकडून आलेली मराठी आरतीपुरती उरलेली, पण आरती तोंडपाठ. (मुंबई इलाख्यातून गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेल्यांचे वंशज तिथे बऱ्यापैकी आहेत, आणि गणेश चतुर्थीला देशभर सरकारी सुट्टी असते.) त्याची शेती तीन अर्पां. अर्पां म्हणजे आपल्या एकराहून किंचित मोठं माप. शेताच्या मधोमध काळ्या दगडांचा माणसापेक्षा उंच ढीग. अशा ढिगांनी अख्खं बेट भरलेलं आहे. गिरमिटियांनी हाताने वेचून रचलेले ते दगड. आज त्यांच्यामुळे ऊसतोडणी यंत्र शेतात वळत नाही. सरकारने दगड काढून, शेतं जोडून देण्याची योजना आणली. ज्यांची शेतं सलग होती त्यांना फायदा झाला, याचं शेत कोपऱ्यात होतं. जवळचा कारखाना बंद झालेला, त्यामुळे ऊस लांब न्यावा लागतो. त्याने मला वजनकाट्याच्या पावत्यांचा गठ्ठा दाखवला. पद्धत अशी की त्याच्या उसातून निघालेल्या साखरेतली ७८ टक्के त्याची, बाकी कारखान्याची. विक्री सगळी एकाच सिंडिकेटमार्फत, म्हणजे साखर विकणाऱ्या संघामार्फत. त्या गठ्ठ्यात साखरेचा हिशेब होता, मळीचा होता, आणि कितीतरी वर्षं चिपाडाच्या ओळीत इतकी किरकोळ रक्कम होती की तो ती बोटाने झाकून म्हणाला, ‘हे तुमचं ग्रीन.’

हे अवघड पण फार नेमकं बोलणं होतं. देशाच्या हरित विजेचा कच्चा माल त्याच्या शेतात उगवत होता. विजेचा भाव कारखान्याला मिळत होता, आणि त्याला उसाचा भाव युरोपातली साखर बघून. साखर पडली की तो ऊस सोडणार. त्याने सोडलाही, तीनपैकी दोन अर्पां पडीक.

आपल्याकडेही हाच वाद आहे. साखर उद्योगासाठी नेमलेल्या रंगराजन समितीने २०१२ मध्ये सुचवलं होतं की साखर आणि चिपाड, मळी वगैरे उपपदार्थ यांच्या उत्पन्नाचे ७० टक्के ऊस उत्पादकाला मिळावेत, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नाचे ७५ टक्के. आमच्याकडे सहकारात निदान सभासद वार्षिक सभेत उठून ‘कोजनचे (सहवीजनिर्मितीचे) पैसे कुठे गेले’ असं विचारू शकतो. उत्तर मिळतंच असं नाही, ते सोडा. मॉरिशसमध्ये साखर कारखाने खासगी आणि जुन्या मोठ्या मळेवाल्या घराण्यांच्या कंपन्यांचे, त्यामुळे हा प्रश्न सरकारलाच सोडवावा लागला. २०२१ च्या त्याच अर्थसंकल्पात चिपाडाच्या विजेला युनिटमागे साडेतीन रुपये (मॉरिशसचे रुपये) धरून ऊसकऱ्याला टनभर साखरेमागे ३,३०० रुपये चिपाडापोटी देण्याचं ठरलं. उद्दिष्टांच्या सगळ्या कागदांपेक्षा हा एक निर्णय मला जास्त मोलाचा वाटतो. उशीर मात्र वीस वर्षांचा झाला. सत्तरीच्या माणसाला भाव मिळाला तरी तो पडीक शेत परत लावत नाही, आणि मुलगा एबेन या कचेऱ्यांच्या नव्या वस्तीत एखाद्या कचेरीत संगणकावर बसलेला असतो.

उद्दिष्टांच्या कागदांवरून ‘मॉरिस इल द्युराब्ल’ आठवलं. याच्याविना तुमचा प्रबंध पुरा होणार नाही. अर्थ साधा, ‘शाश्वत बेट मॉरिशस’. २००८ मध्ये पंतप्रधान नवीन रामगुलाम यांनी ही घोषणा केली. कल्पनेमागे मॉरिशसमध्ये जन्मलेले फ्रेंच वैज्ञानिक जोएल द रोने होते. २०२८ पर्यंत ६५ टक्के ऊर्जास्वावलंबन, असा नेम. पैशासाठी पेट्रोल, डिझेल, गॅस, कोळसा यांवर सुरुवातीला लिटरमागे किंवा किलोमागे १५ सेंटचा उपकर. त्यातून छतावरच्या सौरबंबांना दहा हजार रुपयांचं अनुदान मिळालं आणि ते लोकांनी खरंच घेतलं. आजही साध्या वस्तीतून फिरताना छपरांवर बंब दिसतात. विजेच्या बिलात फरक पहिल्या महिन्यात कळतो, म्हणून ही योजना चालली.

बाकीचं काय? गटचर्चा झाल्या, कृतिगट झाले, जाड आराखडा झाला. आणि त्याच सुमारास पश्चिम किनाऱ्यावर नवा कोळसा प्रकल्प आणायचं चाललं होतं. २०१३ च्या जानेवारीत एका तरुण गायकाने त्याविरुद्ध उपोषण केलं, तेव्हा राष्ट्रीय ऊर्जा आयोग नेमायची पाळी आली. तो प्रकल्प अखेर बारगळला. २०१४ च्या शेवटी सरकार बदललं आणि नव्या मंडळींनी ‘इल द्युराब्ल’ची पाटीच उतरवली. उद्दिष्ट गेलं, इंधनाच्या दरपत्रकातली उपकराची ओळ मात्र पुढे बरीच वर्षं राहिली. २०२४ च्या नोव्हेंबरात रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले, तेव्हा २०२८ चार वर्षांवर आलं होतं.

किनाऱ्याकडे वळतो, कारण पर्यटक तिथेच येतात आणि ‘देखावा’ हा तुमचा शब्द तिथेच जास्त लागू होतो. तरी एक निर्णय असा होता की तो करायला छाती लागते. २००१ च्या १ ऑक्टोबरपासून खाजणातला वाळू उपसा पूर्ण बंद. प्रवाळाच्या कडेआड जो उथळ समुद्र असतो, त्यातून पिढ्यान्‌पिढ्या शिडाच्या होड्यांनी वाळू काढली जायची. देशभरातलं बांधकाम तिच्यावर. बंदीनंतर काळा बसाल्ट फोडून वाळू करावी लागली, आपल्याकडे आता नदीच्या वाळूऐवजी क्रश सँड वापरतात तशीच. घरबांधणी महागली, उपसा करणाऱ्यांचं पुनर्वसन करावं लागलं. पण बंदी टिकली, कारण पर्यायी माल बेटावरच होता आणि तो विकणाऱ्यांचा त्यात धंदा होता. आपल्या खाड्यांमध्ये रात्री काय चालतं हे ठाऊक असलेल्या कोकणातल्या माणसाला हे खरं वाटणार नाही. मला तरी आधी वाटलं नव्हतं. प्लास्टिक पिशव्यांवर २०१६ च्या १ जानेवारीपासून बंदी आली, एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर २०२१ मध्ये. त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. अंमलबजावणी आपल्यापेक्षा बरी, पण कचरा अजून सगळा मार शिकोज या एकाच कचराभूमीत जातो. ती १९९७ मध्ये सुरू झाली, कधीच भरली, आणि आता तिची उंची वाढवणं चालू आहे.

जमिनीचं मात्र वेगळंच. फ्रेंच काळापासून किनाऱ्यालगतचा ८१.२१ मीटर रुंदीचा पट्टा सरकारी आहे. ‘पा जेओमेत्रिक’ म्हणतात त्याला. हा पट्टा भाडेपट्ट्याने हॉटेलांना दिला जातो. २००२ पासून परदेशी माणसाला आलिशान बंगला विकत घेऊन रहिवासाचा परवाना मिळवता येतो, आणि हे बंगले उभे राहतात ते बहुतेक उसाच्या जमिनीवर. म्हणजे ज्या शेतातून हरित वीज यायची, त्याच शेतात गोल्फचं मैदान येतं. एका खात्याचं यश दुसऱ्या खात्याच्या तोट्यात मोजलं जातं, आणि दोन्ही खाती आपापल्या अहवालात ‘शाश्वत’ हा शब्द लिहितात. दक्षिणेकडच्या पॉम्पोनेतच्या किनाऱ्यावर हॉटेल येणार म्हटल्यावर लोक रस्त्यावर आले. त्यांच्या चळवळीचं नाव ‘आरेत कोकँ नू लाप्लाज’, म्हणजे ‘आमचा किनारा चोरणं थांबवा’. रविवारी अख्खं कुटुंब भांडीकुंडी घेऊन समुद्रावर जातं असा तो देश. हरित धोरणात ही सार्वजनिक वाळू मोजायची की नाही, यावर तिथे खरं भांडण आहे आणि ते मिटलेलं नाही.

मग २०२० आलं. सीमा मार्चमध्येच बंद झाल्या होत्या, पर्यटन शून्यावर. आणि २५ जुलैच्या रात्री ‘वाकाशिओ’ हे जपानी मालकीचं मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर पॉइंट देस्नीजवळ प्रवाळात घुसलं. कप्तान भारतीय होता. मोबाइलची रेंज मिळावी म्हणून जहाज किनाऱ्याजवळून नेलं, असं चौकशीत निघालं. बारा दिवस ते तसंच अडकून होतं. ६ ऑगस्टला टाकी फुटली आणि सुमारे हजार टन तेल पाण्यात गेलं. जवळच ब्लू बे सागरी उद्यान, दुसरीकडे पाणथळ जमीन, दोन्ही रामसर यादीतली, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतली.

सरकारी यंत्रणा हलेपर्यंत माएबूरच्या धक्क्यावर लोकांनी काम सुरू केलं होतं. उसाचं पाचट, चिपाड, जुने कपडे, जाळी, तरंगायला प्लास्टिकच्या बाटल्या. त्याच्या लांबच लांब वळकट्या शिवून समुद्रात सोडल्या. काहींनी तर डोक्यावरचे केस कापून दिले. शेतातलं पाचट तेलाला अडवतंय, हे मी इथे बसून चित्रफितींत पाहत होतो. देशाच्या आपत्ती आराखड्यात नसलेली ही सामग्री प्रत्येक वाडीत पडून होती.

तुमच्या प्रबंधासाठी या अपघाताचा आर्थिक भाग जास्त महत्त्वाचा आहे. तेलवाहू जहाज फुटलं तर नुकसानभरपाईचा आंतरराष्ट्रीय निधी असतो. ‘वाकाशिओ’ तेलवाहू नव्हतं, सांडलं ते त्याचं स्वतःचं इंधन, म्हणून तो निधी लागू नाही. जहाजमालकाची जबाबदारी किती, याची मर्यादा ठरवणारा १९७६ चा एक करार आहे आणि मर्यादा कितीतरी वाढवणारी १९९६ ची त्याची सुधारित आवृत्ती. मॉरिशस १९७६ वर थांबलेलं होतं, जपान १९९६ वर. एका सहीचा प्रश्न होता. सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर समुद्रावर हक्क सांगणारा, ‘सागरी अर्थव्यवस्था’ हा शब्द प्रत्येक अर्थसंकल्पात वापरणारा देश, आणि खाजणाचा विमा म्हणावा असा हा कागद मागेच राहून गेलेला. मासेमार महिनोन्‌महिने घरी बसले. हरित धोरणाचे मूल्यमापन करताना लोक झाडं आणि मेगावॉट मोजतात. तुम्ही करारांची यादी काढा आणि कुठल्या सालची आवृत्ती स्वीकारली आहे ते बघा.

हिंदी महासागरातल्याच सेशेल्स या दुसऱ्या बेट-राष्ट्राबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मार्गदर्शक विचारतील. २०१८ मध्ये त्यांनी जगातला पहिला सरकारी ‘निळा रोखा’, म्हणजे समुद्राशी संबंधित कामांसाठीचा कर्जरोखा, काढला, दीड कोटी डॉलरचा. व्याज साडेसहा टक्के, पण जागतिक बँकेची हमी आणि सवलतीचं कर्ज यांमुळे देशाला प्रत्यक्षात २.८ टक्क्यांच्या आसपास पडलं. त्याआधी २०१६ मध्ये २.१६ कोटी डॉलरच्या कर्जाची अदलाबदल करून, बदल्यात ३० टक्के समुद्र राखीव करण्याचं वचन त्यांनी दिलं आणि २०२० मध्ये ते पाळलं. आखणी हुशारीची आहे. पण दीड कोटी डॉलर म्हणजे किती, हे आमच्या एका मध्यम कोजन प्रकल्पाच्या खर्चाशेजारी ठेवून बघा, म्हणजे प्रसिद्धी आणि रक्कम यांतलं अंतर कळेल. मॉरिशसने २०२४ पासून मोठ्या उलाढालीच्या कंपन्यांच्या नफ्यावर दोन टक्के हवामान उपकर लावलाय. तो दिसायला रुक्ष आहे, पण दरवर्षी येणारा पैसा आहे. दोन्हींची तुलना केलीत तर एक चांगलं प्रकरण होईल.

आणि एक प्रकरण रॉड्रिग्जवर ठेवा. मुख्य बेटापासून सहाशे किलोमीटरच्या आसपास पूर्वेला असलेलं, १०८ चौरस किलोमीटरचं हे बेट मॉरिशसचाच स्वायत्त भाग. त्याचं खाजण जमिनीच्या जवळजवळ दुप्पट. तिथे ऑक्टोपस पकडण्याचं काम परंपरेने बायका करतात, ओहोटीला गुडघाभर पाण्यात उतरून, हातात लोखंडी सळई. माल घटत चालला तेव्हा २०१२ मध्ये ऑगस्टपासून दोन महिने ऑक्टोपस पकडणं पूर्ण बंद ठेवलं. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात न घालणाऱ्या आपल्या किनाऱ्याला ही कल्पना नवी नाही. तिथलं वेगळेपण असं की त्या दोन महिन्यांत या बायकांना किनारा साफ करण्यासारखी दुसरी कामं देऊन मजुरी दिली. बंदी उठली तेव्हा हाताला लागलेले ऑक्टोपस आधीपेक्षा मोठे होते. पुढची बंदी लावायला मग वेगळी जनजागृती करावी लागली नाही, आणि पुढे वर्षात दुसरी छोटी बंदीही आली.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर असं: मॉरिशसचं धोरण आदर्शही नाही, देखावाही नाही. जिथे हिरव्या कामाचा पैसा ते काम करणाऱ्याच्या पावतीवर उमटला, तिथे ते चाललं: सौरबंब, ऑक्टोपस, फोडलेल्या बसाल्टची वाळू. जिथे पैसा भलत्याच रकान्यात गेला तिथे उद्दिष्टं वाढत गेली आणि ऊस कमी होत गेला. हे पटत नसेल तर खोडून काढा, पण आकड्यांनी. त्यासाठी एक तक्ता करून बघा. डाव्या बाजूला वर्षं, मग दर वर्षी तोडलेल्या उसाचं क्षेत्र, चिपाडाची वीज, कोळशाची वीज, सौर वीज, आणि शेवटी ऊसकऱ्याला टनामागे चिपाडापोटी मिळालेली रक्कम. पहिले रकाने सरकारी सांख्यिकीत सहज मिळतील. शेवटचा मिळवायला कुणाच्या तरी घरी जाऊन पावत्यांचा गठ्ठा सोडायला लागेल. जाणार असाल तर गळीत हंगामात जा, सकाळी लवकर, वजनकाट्यापाशी रांग लागलेली असते.